न मोजलेली ताटातूट

मुंबईच्या गिरण्यांवर आणि गोदीवर जगलेल्या कोकणी कुटुंबांचा इतिहास सांगताना मनीऑर्डर, एका खोलीतले तीन-चार संसार, गणपतीला सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या यांचा उल्लेख हमखास होतो; पण त्या इतिहासातील अगदी लहान मुलांचा प्रवास सहसा कोणी सांगत नाही. लालबाग-परळच्या चाळीत जिथे झोपायला गॅलरीचा आणि जिन्याचाही आधार घ्यावा लागे, तिथे तान्हे मूल ठेवणे अवघड होते, आणि आई कामावर जाणारी असेल तर ते अधिकच अवघड. मग अंगावरचे दूध तुटले की मूल गावी आजीकडे पाठवले जाई आणि शाळेचे वय झाले की परत आणले जाई. पहिल्या पाठवणीच्या वेळी घरात थोडेफार रडणे होत असे, कारण तेव्हा मूल आईपासून दूर जात होते. दुसऱ्या वेळी मात्र सगळे आनंदात असत, कारण मूल आता आपल्या घरी येत होते. ज्या बाईच्या कुशीत ते तीन-चार वर्षे झोपले तिच्यापासून ते दूर जात आहे, ही गोष्ट कोणाच्या हिशेबात नसे.

त्या मुलांपैकी मी एक. माझी आई मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका होती, वडील गिरणीत होते, आणि दोघांच्याही पाळ्या बदलत्या होत्या. मधल्या वेळेत मला सांभाळणारी शेजारीण आजारी पडली की सगळीच घडी विस्कटे. म्हणून मी चालायला लागल्यावर थोड्याच दिवसांत मला कणकवलीपुढच्या एका गावी वडिलांच्या आईकडे ठेवण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, पत्रावर ‘जि. रत्नागिरी’ असेच लिहिले जाई. आजीला मी ‘आये’ म्हणत असे, कारण घरातील सगळेच तिला तशी हाक मारत. शाळेत घालण्याच्या वर्षी मला मुंबईला आणले गेले, आणि त्या येण्याबद्दल आमच्या घरात एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाई: एसटीत बसल्यापासून चाळीत पोहोचेपर्यंत, आणि त्यानंतरही, ही पोर एकदाही रडली नाही, इतकी शहाणी. आई हे कौतुकाने सांगे. मला स्वतःला त्यातील काहीच आठवत नाही. माझ्याजवळ आहे ती सांगितलेली गोष्ट.

पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवू लागले. अनुबंध सिद्धांत, म्हणजे लहान मूल आपल्याला सांभाळणाऱ्या माणसाला जीव कसा लावते हे सांगणारा आणि हल्ली सर्रास अटॅचमेंट थिअरी म्हटला जाणारा भाग, शिकवायला सोपा वाटतो. हार्लो या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातील माकडांची पिल्ले, दूध देणारी तारेची आई सोडून मऊ कापडाच्या आईला बिलगणारी, एवढे सांगितले की विद्यार्थी खूश होतात आणि परीक्षेत तेवढेच लिहितात. मला मात्र माकडांपेक्षा हा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाच्या बालपणातील एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

जॉन बोल्बी यांचा जन्म १९०७ मध्ये लंडनमधील एका सुखवस्तू घरात झाला. वडील नामांकित शल्यचिकित्सक होते. त्या काळच्या त्या वर्गात मुले दायांच्या हातीच वाढत, आणि आईची भेट दिवसातून एकदा, चहानंतर तासभर होई. छोट्या जॉनला प्रत्यक्षात सांभाळत होती ती मिनी नावाची एक तरुण दाई. तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास ती नोकरी सोडून गेली. घराच्या दृष्टीने ही एक नोकर जाऊन दुसरी येण्याची बाब होती. आई घरात होती, वडील होते, भावंडे होती, म्हणजे मुलाने काही गमावले असे म्हणायला जागाच नव्हती. मोठेपणी बोल्बींनी मात्र तिचे जाणे आई गमावण्याइतके दुःखाचे होते असे सांगितले. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर लहान मुलांच्या ताटातुटीचा अभ्यास केला, त्याची स्वतःची पहिली ताटातूट कोणत्याही नोंदवहीत बसणारी नव्हती.

बोल्बींनी लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करताना चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्या १४ मुलांना कोणाविषयीच माया वाटत नाही असे त्यांनी नोंदवले, त्यांतील १२ मुले अगदी लहानपणी दीर्घकाळ आईपासून वेगळी राहिली होती. उरलेल्या ३० मध्ये अशी मुले पाचच होती. आजच्या कसोटीवर हा अभ्यास तोकडा ठरतो. मुलांना तपासणारे, वर्गवारी करणारे आणि निष्कर्ष काढणारे बोल्बी एकटेच होते. तरीही प्रश्न उभा राहिला आणि तो युद्धाच्या काळात उभा राहिला, जेव्हा बाँबच्या भीतीने लंडनची मुले खेड्यापाड्यांत हलवली जात होती. शरीराने सुरक्षित असलेले मूल आणखी कोणत्या प्रकारे धोक्यात असू शकते, हा विचार तोपर्यंत शासनाच्या कक्षेत आलेलाच नव्हता.

१९५१ मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अनाथ आणि बेघर मुलांविषयी अहवाल लिहिला. मुलाला आईशी, किंवा आईच्या जागी कायमस्वरूपी असलेल्या व्यक्तीशी, उबदार आणि अखंड नाते अनुभवता आले पाहिजे, असे त्याचे मध्यवर्ती म्हणणे होते. यातील ‘आईच्या जागी कायमस्वरूपी असलेली व्यक्ती’ हा भाग मूळ लेखनात कंसात आहे, आणि कंसात असल्यामुळेच की काय, तो लोकांच्या वाचनातून गळून गेला. ज्यांना बायकांनी घरी बसावे असे वाटत होते त्यांनी अहवालाचा अर्धाच भाग उचलला, आणि ज्यांना तसे वाटत नव्हते त्यांनी त्या अर्ध्या भागासाठी बोल्बींना धारेवर धरले. त्याच अहवालात, समाजाला आपल्या मुलांची किंमत असेल तर त्याने त्यांच्या आईवडिलांना जपले पाहिजे, असेही स्पष्टपणे म्हटले आहे. ते वाक्य ना या बाजूच्या कामाचे होते, ना त्या. माझ्या मते मिनी त्या कंसात आहे. माझी आयेही तिथेच आहे, आणि आज ज्या कोणी दुसऱ्याची मुले सांभाळतात त्या सगळ्या तिथे आहेत.

ताटातूट झालेले मूल कसे दिसते, हे जगाला प्रथम नीट दाखवले ते बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी. हा स्कॉटिश माणूस युद्धकाळात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या लंडनमधील बालगृहात बॉयलर सांभाळण्याच्या कामावर होता. तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याने, अगदी बॉयलरवाल्यानेही, मुलांविषयी जे दिसेल ते लिहून ठेवायचे असा नियम होता. पाहायची आणि लिहायची सवय त्यांना तिथे लागली. १९५२ मध्ये त्यांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या दोन वर्षे पाच महिन्यांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले. ती चित्रपटात लॉरा या नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रिया किरकोळ होती, मुक्काम आठ दिवसांचा होता. पण त्या काळच्या ब्रिटिश रुग्णालयांत आईवडिलांना मुलांजवळ थांबू देत नसत, कारण भेटीनंतर मुले रडतात आणि वॉर्डची शांतता बिघडते असा परिचारिकांचा अनुभव होता. निवडून निवडून रडण्याचेच प्रसंग दाखवले असा आरोप होऊ नये म्हणून रॉबर्टसन यांनी रोज ठरलेल्या वेळीच, भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवून चित्रण केले.

आणि लॉरा फारशी रडत नाही. हे त्या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. ती वयाच्या मानाने विलक्षण संयमी मुलगी होती; चेहरा आवरून धरायची, मध्येच आईची चौकशी करायची, पुन्हा गप्प व्हायची. वैद्यकीय मंडळींना हा चित्रपट दाखवला तेव्हा अनेकांना राग आला, कारण त्यांच्या वॉर्डातील शांत मुले समाधानी असतात अशी त्यांची खात्री होती. रॉबर्टसन यांची नोंद वेगळी होती. मूल आधी आकांत करते, मग खचते, आणि त्यानंतर जी शांतता येते ती जुळवून घेतल्याची नसते; आईशी असलेली ओढच मूल आत कुठेतरी बंद करून टाकते, आणि म्हणूनच आई परत आली की ते तिच्याकडे परक्यासारखे पाहते. रुग्णालयांतील मुलांविषयी ब्रिटनमध्ये नेमलेल्या प्लॅट समितीने १९५९ मध्ये पालकांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली, तरी प्रत्यक्षात दारे उघडायला पुढे बरीच वर्षे लागली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयात आजही मुलाच्या खाटेखाली आईची पथारी असते. ती गैरसोयीतून आलेली रीत आहे हे खरे. पण युरोपला जे अहवाल लिहून मिळवावे लागले ते आपल्या मुलांना मनुष्यबळाच्या टंचाईने आपसूक दिले, हेही तितकेच खरे.

आमच्या घरातील ‘एकदाही रडली नाही’ ही गोष्ट मला लॉरामुळे वेगळी ऐकू येऊ लागली. त्यातच काकू दुसरी एक गोष्ट हसत हसत सांगे. मुंबईला आणल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो, तेव्हा आये हात पसरून खळ्यात उभी होती आणि मी तिच्याकडे गेलेच नाही. पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले आणि तिच्याकडे पाहिलेही नाही. ‘मुंबईवाली झाली, आता आजी कशाला हवी’ असे म्हणून सगळे हसले. आये हसली का, हे काकूने कधी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी तापाने फणफणले आणि तिच्या मांडीवरून उठायला तयार होईना, तेव्हा ती ‘रडा नको गो बाय, मी हयसरच आसंय’ एवढेच म्हणत राहिली, असा त्या गोष्टीचा शेवट होता.

मुलाचे गप्प असणे म्हणजे काय, याचा अधिक काटेकोर शोध मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी घेतला. बोल्बींच्या हाताखाली काही वर्षे काम करून त्या १९५४ मध्ये युगांडात गेल्या. तिथल्या गांडा लोकांत मुलाचे दूध तोडताना त्याला काही दिवस आजीकडे पाठवण्याची जुनी रीत होती, आणि त्या ताटातुटीचा परिणाम पाहावा असा एन्सवर्थ यांचा विचार होता. प्रत्यक्षात ती रीत बरीचशी मोडली होती. म्हणून त्यांनी कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत नियमित जाऊन मुले आपल्या माणसांना कशी बिलगतात हेच पाहिले. आपल्याकडील एखाद्या अभ्यासकाने तेव्हा कोकणात किंवा देशावर फेरी मारली असती तर दूध तोडायला आजीकडे धाडलेली मुले त्याला वाडीगणिक सापडली असती.

एन्सवर्थ यांना युगांडात असे दिसले की मुलाला सांभाळणारे हात अनेक असले तरी त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेच्या भावनेला धक्का लागत नाही. फरक पडत होता तो आई मुलाला किती बारकाईने ओळखते यामुळे. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी २६ घरांत वर्षभर दर तीन आठवड्यांनी चार-चार तास बसून निरीक्षणे केली, आणि वर्षाच्या मुलांसाठी सुमारे वीस मिनिटांचा एक प्रसंग रचला: अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई, आईचे दोनदा बाहेर जाणे आणि दोनदा परत येणे. मूल आई जाताना किती रडते यापेक्षा ती परत आल्यावर काय करते, यात खरी माहिती दडलेली असते हे त्यांनी दाखवले. बहुसंख्य मुले आईकडे झेपावत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत; यालाच सुरक्षित अनुबंध म्हणतात. काही मुले बिलगत पण समजूत पटू देत नसत. आईला मारत आणि तिला सोडतही नसत. आणि सुमारे पाचातील एक मूल आई परत आल्यावर मान फिरवून खेळण्याकडे पाहत राही.

या शेवटच्या मुलांना पाहून कोणीही म्हणेल की ती स्वावलंबी आहेत. पण नंतरच्या संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, जर्मनीत तर लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही तपासले, तेव्हा ती शांत दिसणारी मुले आतून मुळीच शांत नव्हती असे आढळले. ओढ दाखवल्याने माणूस जवळ येत नाही, उलट दूर सरकतो, हे ज्याला वर्षभरात उमजले आहे ते मूल ओढ लपवायला शिकते. त्या वयात एवढे शिकणे ही बुद्धीचीच गोष्ट आहे. आपल्याकडे तिला शहाणपण म्हणतात आणि चारचौघांत कौतुक करतात. ‘कोणाकडेही राहतो, अजिबात त्रास नाही’ हे वाक्य ऐकले की मला त्या मुलाबद्दल थोडी काळजी वाटते. काही मुले जन्मतःच सौम्य स्वभावाची असतात हे मला मान्य आहे, आणि तरीही वाटते.

मूल जीव कोणाला लावते, या प्रश्नाचे उत्तरही आपण समजतो तेवढे सरळ नाही. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोमधील कामगार वस्तीत ६० बाळांचा पाठपुरावा केला आणि १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. सातव्या महिन्याच्या आसपास बाळ विशिष्ट माणसासाठी रडू लागते. पण दीड वर्षाचे होईपर्यंत फक्त १३ टक्के मुलांचा जीव एकाच व्यक्तीवर होता, बाकीच्यांनी बाप, आजी, मोठी भावंडे, शेजारी अशा अनेकांना धरले होते. भरवणारी आणि लंगोट बदलणारी व्यक्ती हीच मुलाची सर्वांत लाडकी असते असेही नव्हते. मुलाच्या हाकेला कोण लवकर ओ देते आणि त्याच्याशी कोण खेळते, यावर पुष्कळ काही ठरत होते.

इस्रायलमधील किबुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींत मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या बायका असत. त्यांना मेटापेलेट म्हणत. तेथील एका अभ्यासात, जो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, वर्षाच्या वयात या सांभाळणाऱ्या बाईशी सुरक्षित नाते असलेली मुले पाच वर्षांची झाल्यावर अधिक सहृदय आणि अधिक स्वतंत्र असल्याचे दिसले. आईशी असलेल्या नात्याचा तसा ठळक संबंध त्या अभ्यासात आढळला नाही. मात्र त्याच किबुत्झमध्ये ज्या मुलांना रात्रीही सामूहिक बालगृहात झोपवले जाई, त्यांच्यात आईशी सुरक्षित अनुबंध असलेल्यांचे प्रमाण घरी झोपणाऱ्या मुलांपेक्षा बरेच कमी होते. रात्री दचकून जागे झालेल्या मुलाजवळ ओळखीचे कोणी नव्हते. दिवसाची सोय आणि रात्रीची सोय यांत मूल फरक करते, आणि मला तो फरक फार योग्य वाटतो.

आता हे सगळे मोठेपणी कुठवर पोहोचते, हा प्रश्न. समाजमाध्यमांवर ‘तुमची अटॅचमेंट स्टाइल ओळखा’ अशा चाचण्या फिरतात, आणि त्या सोडवून तिशीतील शिकलेली माणसे आपल्या मोडलेल्या लग्नाचा हिशेब आईच्या नावावर लिहितात, तेव्हा मला वैताग येतो. मिनेसोटा विद्यापीठातील बायरन एगलँड आणि ॲलन स्रूफ यांनी १९७५ पासून गरिबीत राहणाऱ्या, पहिलटकरीण असलेल्या २६७ स्त्रियांच्या मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला. लहानपणी सुरक्षित नाते मिळालेली मुले बालवाडीत शिक्षकांवर कमी अवलंबून राहत, सवंगड्यांत अधिक रमत, आणि मोठेपणी जोडीदाराशी भांडण झाल्यावर सावरण्यातही त्यांना तुलनेने कमी अडचण येई. बत्तिसाव्या वर्षी विचारणा केली तेव्हा लहानपणी असुरक्षित ठरलेल्यांनी शारीरिक आजारही अधिक नोंदवले. पण हे संबंध मध्यम प्रतीचे होते, आणि मध्ये अनेक पायऱ्या होत्या: पहिल्या नात्याचा परिणाम मैत्रीवर, मैत्रीचा पुढच्या नात्यांवर. ज्या घरातील ताण वाढला तेथील सुरक्षित मूल डगमगले, आणि ज्या आईला आधार मिळाला तिचे असुरक्षित मूल सावरलेही.

काळाची मर्यादा मात्र एका बाबतीत कठोर दिसते, आणि ती म्हणजे मुलाला कोणीच नसणे. रोमेनियात १९६६ च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आली, घरांना न पेलणारी मुले सरकारी संस्थांत लोटली गेली, आणि १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळल्यावर जगाने त्या संस्थांच्या आत पाहिले. त्यानंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधील संस्थांत असलेल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने निवडून, दत्तक न देता पालक-कुटुंबांत ठेवले. या कुटुंबांना प्रशिक्षण आणि मानधन दिले जात होते. साडेतीन वर्षांच्या वयात कुटुंबांतील मुलांपैकी जवळपास निम्मी सुरक्षित अनुबंध दाखवत होती, संस्थेत राहिलेल्यांपैकी पाचातील एकाहूनही कमी. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांची सुधारणा अधिक होती. त्या संस्थांत अन्न होते, कपडे होते, पाळीप्रमाणे येणाऱ्या बायकाही होत्या. मात्र पाळी बदलली की माणूस बदले, आणि कोणती बाई आपली हे मुलाला ठरवताच येत नसे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेमार्फत संस्थेऐवजी कुटुंबातच मूल वाढावे म्हणून दरमहा अनुदान दिले जाते, त्यामागचा विचार हाच आहे. अनुदान वेळेवर मिळते की नाही, हा भाग ज्यांना ते घ्यावे लागते त्यांना विचारावा.

माझे प्रकरण रोमेनियाच्या जवळपासही जाणारे नाही. मला एकानंतर एक दोन माणसे मिळाली, आणि दोघींनी जीव लावला. तरीही आयेपासून तुटण्याचे काही मोल मी दिले असणार, आणि ते सुसह्य कशामुळे झाले असावे याचे उत्तर मला पुन्हा रॉबर्टसन पतिपत्नींच्या कामातच सापडले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दोन प्रकारच्या तात्पुरत्या ताटातुटींची तुलना केली. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेली म्हणून सतरा महिन्यांचा जॉन नावाचा मुलगा नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, पण कोणतीही एक त्याची नव्हती, आणि तो डोळ्यांदेखत खचत गेला. दुसरीकडे जॉइस रॉबर्टसन यांनी चार मुलांना आपल्या घरी ठेवून घेतले. मूल येण्यापूर्वी त्या त्याला भेटत, त्याच्या सवयी आईकडून समजून घेत, त्याचे पांघरूण आणि खेळणी बरोबर आणायला लावत, आणि मूल घरात असताना त्याच्या आईचा विषय टाळण्याऐवजी मुद्दाम काढत, तिचा फोटो दाखवत. ती मुलेही दुखावली, पण खचली नाहीत.

माझ्या आईने यातले काही वाचलेले नव्हते. तिने गावाहून मला आणताना आयेच्या लुगड्यांची शिवलेली वाकळ बरोबर आणली, कारण तिच्याशिवाय मी झोपणार नाही असे आयेने तिला बजावले होते. चाळीच्या खोलीत त्या वाकळीला चुलीच्या धुराचा वास येतो म्हणून तक्रार होई, आणि आई ती धुवायला काढत नसे. रात्रपाळीहून सकाळी आल्यावर वेणी घालताना ती मला ‘आये आता काय करत असेल’ असे विचारायची, आणि मी सांगायचे: गोठ्यात असेल, पाणी तापवत असेल, अबोलीचे वळेसार करत असेल. सासूशी तिचे फार सख्य होते असे नाही. त्यामुळे या प्रश्नाची किंमत मला अधिक वाटते. कोणीही तिला दोष दिला नसता, जर तिने आपल्या मुलीच्या मनातून ते घर हळूहळू पुसू दिले असते. हे विचारणे बहुधा रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात काम केल्यामुळे तिला सुचले असावे, किंवा मीच बोलू लागले असेन आणि तिने थांबवले नसेल. विचारायला ती आता नाही.

आयेचे काय झाले, हे मात्र कोणत्याच सिद्धांतात नीट येत नाही. मुलाच्या अनुबंधाबद्दल लिहिणारे शेकडो आहेत. मूल परत दिल्यावर रिकाम्या झालेल्या आजीबद्दल फारच थोडे. तिने माझ्यानंतर धाकट्या काकांच्या मुलाला सांभाळले, त्यालाही शाळेच्या वर्षी मुंबईला पाठवले, आणि त्याच्या वेळी ती स्टँडपर्यंत आली नाही असे म्हणतात.

आज हेच नाते दूरदेशी गेले आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये बाळंतपणाला गेलेल्या पुण्या-ठाण्याच्या आजी-आजोबांना साधारणपणे एका फेरीत सहा महिने राहता येते. बाळ माणसे ओळखू लागते, परक्याकडे पाहून ओठ काढू लागते, तेव्हा त्यांचा परतीचा दिवस येतो. विमानतळावर आजी रडते याची सगळे दखल घेतात, आणि बाळाला काय कळते असे म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला डे-केअरमध्ये नेऊन सोडतात. आठवडाभर बाळ रात्री उठते, खात नाही, आणि डॉक्टर दात येत असतील म्हणतात. दात येतही असतील. व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की काही बाळे पडद्याच्या मागे हात घालून तिला शोधतात आणि काही तोंड फिरवतात. तोंड फिरवणाऱ्या नातवंडामुळे आजी खट्टू होते, तेव्हा तिला कोणीतरी सांगायला हवे की त्यात राग असू शकतो, आणि राग धरण्याइतके हे बाळ तिचे झाले होते.

शहरातील घरांत तर ही ताटातूट पगारपत्रकात दडलेली असते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजा संपते ती नेमकी बाळ माणूस निवडायला लागते तेव्हा, आणि बहुतेक घरांत ते जिला निवडते ती सांभाळायला ठेवलेली ताई असते. तिचे आणि घरच्या बाईचे पैशांवरून बिनसते, किंवा तिला दुसरीकडे जास्त मिळतात, आणि ती एका शनिवारी जाते ती येतच नाही. मुलाला ‘ताई गावाला गेली’ असे सांगितले जाते आणि सोमवारी दुसरी ताई येते. घरातील गॅसवाला बदलला तरी त्याची चर्चा होते. हिचे जाणे मुलापुढे कोणी उच्चारत नाही, उलट त्याने नाव काढले की विषय बदलतात, म्हणजे ते लवकर विसरेल. रॉबर्टसन यांच्या मुलांपैकी कोणालाही विसरण्याने बरे वाटलेले नव्हते.

आमच्या इमारतीत दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणारी एक तरुण बाई आहे. तिची स्वतःची मुलगी जालना जिल्ह्यातील गावी तिच्या आईकडे असते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण २६ आठवड्यांची ती रजा हिच्यापर्यंत कधी पोहोचली नाही. मुलगी आठ महिन्यांची असताना ती पुण्यात कामाला आली. गेल्या मे महिन्यात तिला मुलीकडे जायला पंधरा दिवसांची सुट्टी हवी होती. त्या घरातील आजीने मला जिन्यात गाठून विचारले की इतके दिवस दिले तर ही परत येईल ना, आणि आमच्या बाळाला ती नसल्याचे कळेल का. मी म्हटले की कळेल, आणि हिच्या मुलीलाही ती आल्याचे आणि पुन्हा गेल्याचे कळेल. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की ते खरे, पण आमच्या घरी प्रश्न वेगळाच चालू आहे, त्या पंधरा दिवसांचा पगार कापायचा की नाही याचा.